मापाच्या वहीतले रविवार

५ एप्रिल, रविवार

ही वही ब्लाउजच्या मापांची आहे. पुढून मापं, मागून हे. हेमराज मागच्या वेळी जाताना म्हणाला होता, "आई, बोलायले कोनी नसलं का लिहून ठेवत जाय. मी आलो का वाचीन." तेव्हा मी हसले होते. दिवसभर बायका येऊन बसतात, माझं तोंड बंद कुठे असतं? पण पुढच्या खोलीचा पडदा ओढला, म्हणजे दुकान बंद झालं, की त्याला सांगायच्या गोष्टी तोंडातच राहतात. म्हणून आजपासून.

सध्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पांढऱ्या साड्यांचे ब्लाउज आहेत, सोळा. त्यानंतर अक्षय्य तृतीयेची लग्नं. हेमराज वीस तारखेला येतो, बावीस दिवसांच्या सुट्टीवर. त्याच्या शर्टासाठी आकाशी चौकड्यांचं कापड आणून ठेवलं आहे. मी लेडीज टेलर, पुरुषांचे शर्ट आयुष्यात दोघांचेच शिवले. हेमराजच्या बाबांचे आणि त्याचे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

फौजेत जाण्याआधी घेतलेलं हेमराजचं माप जुन्या वहीत आहे: लांबी अठ्ठावीस, खांदा सतरा, छाती अडतीस, बाही तेवीस, गळा साडेपंधरा. तीन वर्षांत छाती तेवढीच राहिली असेल असं नाही. काल फोनवर म्हटलं, माप पाठव.

"इथं टेप कोन देते मले?"

"दोरीनं घे. मंग दोरी मोज."

"पाठवतो ना व आई."

चार वर्षांची भरती आहे त्याची. पुढच्या वर्षी सुटेल. मोठ्या रस्त्यावर एक गाळा रिकामा होणार आहे, तो मी बघून ठेवला आहे. पुढे पाटी 'हेमराज टेलर्स'. त्याला सांगितलं तेव्हा तो हो म्हणाला नाही, पण नाहीसुद्धा म्हणाला नाही. लाजतो.

९ एप्रिल, गुरुवार

दुपारी तानाबाई धावत आली. तानाबाई म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत. आमचं पाण्याच्या पाइपावरून महिन्यातून एकदा भांडण होतं आणि या महिन्याचं व्हायचं होतं, म्हणून मी उठले नाही. पण ती म्हणाली, "सुंदरा, टीव्ही लाव. सीमेवर अजून फौज पाठवून राह्यले."

लावला. खरंच. आहेत त्याच्या वर आणखी हजारो. पडद्यावर बाण काढून दाखवत होते, कुठून किती जाणार. बाण काढणारा माणूस फार आनंदात होता.

संध्याकाळी हेमराजचा फोन. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. मी विचारलं, आता कधी? म्हणाला, "सांगता येत नाई. तू घाबरू नोको." आवाज अजिबात उतरलेला नव्हता, उलट चढलेला होता. मला धीर यावा म्हणून पोरगं उसनं हसत होतं. एवढं मला कळतं.

आकाशी कापड कपाटात वर ठेवलं.

१२ एप्रिल, रविवार

पांढरं रीळ आणि हुक आणायला बाजारात गेले होते. बसस्टँडजवळच्या चौकात कठड्याला टेकून पाच माणसं उभी. हातात पुठ्ठ्याच्या पाट्या: 'सीमेवर फौज वाढवू नका', 'बोलणी करा'. एक म्हातारे गृहस्थ पाटी गळ्यात अडकवून उभ्याउभ्या टकळीवर सूत कातत होते. मला आधी हसूच आलं. हे सूत कातणार आणि तिकडे लढाई थांबणार!

पण पाय निघेना. पाटी दोनदा वाचली. म्हातारे म्हणाले, "उभं राह्याचं असन तर या. बोलायचं तेवढं नसते."

मी म्हटलं, "माहा पोरगा हाये तिथं."

त्यावर ते एक पाऊल सरकले, तेवढी जागा झाली, आणि मी त्या जागेत हुकाची पिशवी धरून उभी राहिले. कोणी ओळखीचं दिसलं की पदर ओढून घेत होते. पाऊण तास उभी होते.

त्यांचा नियम असा: दर रविवारी आठ ते नऊ. घोषणा नाही, भाषण नाही, आपसात बोलणंसुद्धा नाही. रस्त्यावरच्या कोणी विचारलं तर एकदाच उत्तर द्यायचं, वाद घालायचा नाही. म्हातारे किसनराव, सेवाग्रामकडून सायकलने येतात. आयुष्यभर शाळेत मुलांना सूत कातायला शिकवलं. माधवी मॅडम कॉलेजात शिकवतात. बाकी तिघे त्यांच्याच वयाचे, म्हणजे किसनरावांच्या.

मला शांततेतलं काय कळतं? मला माझे बावीस दिवस पाहिजेत. हे इथे लिहिते, त्यांना सांगितलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज अक्षय्य तृतीया. चौकात वराती, बँड, घोडे. एका वरातीतल्या पोरांनी बँडवाल्याला आमच्यासमोर थांबवून देशभक्तीचं गाणं वाजवायला लावलं आणि आमच्याकडे बघून नाचले. एकजण ओरडला, "तिकडंच जा ना मंग राह्याले!" किसनरावांचा धागा तुटला नाही. मी मात्र दुकानाची पिशवी छातीशी धरून होते. कोणीतरी फोटोही काढले.

नऊ वाजता पाट्या गोळा करताना किसनरावांनी विचारलं, "सुंदराबाई, समजा उद्या तुमचा हेमराज सुट्टीवर आला. पुढच्या रविवारी याल काय तुम्ही?"

मी म्हटलं, ऑटो जाईल माझा, आणि निघाले. असं विचारतात का कोणी? रस्ताभर राग आला. घरी येऊन उत्तर शोधलं तर सापडलं नाही, म्हणून आणखी राग आला.

२१ एप्रिल, मंगळवार

फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर आला. मी पदर ओढला होता, पण पिशवीवर माझ्याच दुकानाचं नाव.

सकाळीच अनुसयाबाई आल्या. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाचे चार ब्लाउज माझ्याकडे होते. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कापड वापस दे माह्यं."

"दोन बेतले हायेत, अनुसयाबाई."

"बेतलेले असन तर तसेच दे. देशाच्या विरोधात चौकात उभी राह्यतं, अन् पोरगा त्याच देशाचा पगार खाते. लाज नाई वाटत तुले?"

बेतलेले तुकडे पिशवीत कोंबून घेऊन गेल्या. आता दुसरा टेलर ते कोणत्या हिशेबाने जोडणार? त्यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, ते त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे. मागून ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

दुपारपर्यंत आणखी तिघी कापड घेऊन गेल्या. त्यांनी कारणही दिलं नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवसांत पडदा कोणी सारला नाही. मशीनला तेल दिलं, बॉबिन पुसल्या, रिळं रंगाप्रमाणे लावली. ती आधीच लावलेली होती.

दूधवाल्याशी बोलले, "अर्धा लिटरच दे" एवढं. आजचं बोलणं तेवढंच. तानाबाईसुद्धा पाइपावरून भांडली नाही. मी मुद्दाम तिची बादली सरकवली, तरी तिने गुपचूप परत जागेवर ठेवली आणि आत गेली.

हेमराजचा फोन दहा तारखेपासून नाही. रोज सकाळी आठला मी त्याला शुभ सकाळ पाठवते. दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतो. उत्तर नाही. तिकडे नेटवर्क नसतं.

एकटेपणा माझ्या ओळखीचा आहे, अकरा वर्षांचा. पण तो घरातला होता. हा रस्त्यावरचा आहे. समोरून माणूस येतो आणि चप्पल बघत निघून जातो. हा फार वाईट आहे.

२५ एप्रिल, शनिवार

पुठ्ठ्याच्या पाट्या कोण वाचतं? आपल्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय कुणाचा वाढदिवससुद्धा खरा वाटत नाही. लोक मला देशाविरुद्ध म्हणतात, कारण त्यांना हेमराज दिसत नाही. तो दिसला तर समजतील. असा विचार करून रिंकूच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

वर्दीतला मोठा फोटो माझ्याकडे एकच आहे. ट्रेनिंगहून पहिल्यांदा आला तेव्हा मोहल्ल्याने सत्कार केला होता, तो. गळ्यात झेंडूचा जाड हार. फोटो पिशवीतून काढून रिंकूसमोर ठेवला आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच फुटलं. इतके दिवस रडले नव्हते. कसंबसं म्हटलं, "माह्या हेमराजचं लावायचं हाये. उद्या सकाळी चौकात."

रिंकूने हातातलं काम टाकलं. लग्नाच्या फ्लेक्सची एवढी गर्दी, पण सगळ्यांना थांबवून माझं आधी घेतलं. "मावशी, हार राहू देऊ?" म्हटलं, राहू दे, मानाचा आहे. फोटो त्याने गोल कापला, हार बरोबर खालून आला. मी म्हटलं, जन्मतारीख टाक, लोकांना कळू दे किती लहान आहे. १२ जून २००३. खाली: 'फौज वाढवू नका. आमचा मुलगा परत द्या.' मागचा रंग त्याने फिकट निळा घेतला, कोपऱ्यात एक समई. फार शांत दिसत होतं. सगळ्यात खाली त्याने आपल्या मनाने आमच्या मोहल्ल्याचं नाव टाकलं, 'समस्त मित्र परिवार, नालवाडी'. मी नको म्हटलं नाही. मित्र आहेतच की त्याचे.

पैसे काढले तर रिंकूने हात जोडले. "राहू द्या मावशी. याचे कसे घेऊ?" डोळे भरले होते त्याचे.

बघा, वर्ध्यात एक माणूस तरी निघाला. येताना मी फार दिवसांनी उसाचा रस प्यायले.

२६ एप्रिल, रविवार

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे. सगळं लिहायचं, स्वतःचं झाकायचं नाही.

पावणेआठला फ्लेक्स कठड्याला बांधला. किसनराव सायकलवरून उतरले, फ्लेक्सकडे बराच वेळ बघत राहिले. "सुंदराबाई, हे..." एवढं म्हणाले आणि आठचा भोंगा झाला. आठ वाजले की बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी टकळी काढली. तासभर ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा धागा आज तीनदा तुटला. माधवी मॅडम आल्या नव्हत्या.

आज आमच्याकडे बघून कोणी हसलं नाही. एक माणूस चप्पल काढून फोटोला नमस्कार करून गेला. ऑटोवाले हळू होत होते. एका बाईने कपाळाला हात लावला. मला वाटलं, फोटोची ताकद! माझं पोरगं बघून लोक निवळले. नऊ वाजले, समोर नालवाडीचा ऑटो लागलेला होता, मी फ्लेक्स सोडून गुंडाळला आणि धावतच चढले. किसनराव हाका मारत होते. मला वाटलं शाबासकी देताहेत.

गल्लीत शिरले तर माझ्या अंगणात माणसं. चादरी घातलेल्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कोणाच्या तोंडात शब्द नाही. तानाबाई धावत आली आणि मला घट्ट धरून रडायला लागली. "सुंदरा व, सुंदरा..."

असं अंगण मी एकदा पाहिलं आहे, अकरा वर्षांपूर्वी.

मला वाटलं फोन आला असेल. मी चौकात असताना यांच्यापैकी कोणाला तरी फोन आला असेल. मी कोणाला विचारलं नाही. अशा वेळी कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही, नुसतं बसतात. मी तिथेच खाली बसले. अनुसयाबाईंनी मला मांडीवर घेतलं. मी ओरडले का, ते आठवत नाही. माती हातात आली होती, एवढं आठवतं. मनात एकच चाललं होतं: शर्ट राहिला, माप आलं नाही, शर्ट राहिला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग शेजारच्या चादरीवर एका माणसाने दुसऱ्याला मोबाइल दाखवला. "रिंकूनं काल ग्रुपवर टाकलं, तवाच समजलं आमाले." मान वळवून पाहिलं. पडद्यावर माझाच फ्लेक्स होता. गोल फोटो, हार, जन्मतारीख, समई.

तेव्हा मला कळलं. असा फ्लेक्स मी शंभर वेळा चौकात पाहिला आहे, फक्त माझ्या पोराचा पाहिला नव्हता.

आता हे लिहिते ते हेमराजने वाचलं तरी चालेल आणि नाही वाचलं तर बरं. मला कळलं की तो जिवंत आहे. त्याच क्षणी उठून सांगायला पाहिजे होतं. मी उठले नाही. अनुसयाबाईंचा हात माझ्या केसांतून फिरत होता. "रडून घे, बाई, रडून घे," म्हणत होत्या. कितीतरी दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता. सगळी गल्ली माझ्या अंगणात होती. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. तानाबाईने चहा करून आणला, तो बशीत ओतून मला पाजला, तेवढा सगळा वेळ.

मग फाटकाशी पोरं जमली आणि घोषणा सुरू झाली, "शहीद हेमराज..." पुढचं मी होऊ दिलं नाही. उठले आणि किंचाळले, "जित्ता हाये! माहा पोरगा जित्ता हाये! चूप बसा!"

आधी त्यांना वाटलं, बाई वेडी झाली. मग मी फ्लेक्स उलगडून सगळं सांगितलं. हार सत्काराचा, तारीख वयासाठी, समई छान दिसली म्हणून. हळूहळू चेहरे बदलत गेले. मी माणसांचे खांदे बघत जगले आहे. राग आला की खांदे आधी चढतात.

अनुसयाबाई उठल्या. "आमाले रडवलं तू. जित्त्या पोराचं सुतक आमच्याकडून करून घेतलं. पोराच्या नावानं गर्दी जमवायची होती तुले?"

"नाई व बाई," मी म्हटलं. पण ती चहाची बशी आठवली आणि पुढे बोलता आलं नाही.

दहा मिनिटांत अंगण रिकामं झालं. चादरीसुद्धा ओढून नेल्या. तानाबाईने मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकर करून आणली होती, ती ओट्यावर तशीच राहिली. संध्याकाळी ताट न्यायला आली, झाकण काढून पाहिलं.

"खाल्लं काऊन नाई?"

"कोणत्या तोंडानं खाऊ?"

"याच तोंडानं खाय. आता जित्त्याच्या घरचं म्हनून खाय." ताट तिथेच ठेवून गेली.

२७ एप्रिल, सोमवार

हेमराजचा फोन आला. अठरा दिवसांनी. मी काही बोलायच्या आत:

"मी मेलो काय व?"

मी सांगायला लागले, रिंकू, हार, समई. तो ऐकेना. "कोनीतरी इथल्या पोराले पाठवला तो फोटो. साहेबानं बोलावलं मले. सगळ्यायच्या समोर विचारलं, हे काय होय. काय सांगू मी? माह्या मायनं लावलं म्हनून सांगू?"

"मी तुह्यासाठीच उभी राह्यते, बाबू. तुले पाठवून राह्यले तिकडं म्हनून."

"मले कोनी नाई पाठवलं!" मग हळू आवाजात, "मी नाव देल्लं. पुढं जायसाठी नाव मागत होते, मीनं देल्लं. सुट्टीही मीनंच सोडली. पुढं गेलो तर फौजेत पक्कं होईन. चार वर्षांनं परत येऊन तिथं काय करू? काज-बटन करू?"

मला वाटलं लाइन कट झाली. पण कट झाली नव्हती, तो श्वास घेत होता.

"परत द्या म्हनतं तू. कोनाले म्हनतं? मी काय कोनाकडं गहान हाओ? माह्यं नाव घेऊ नोको तिथं. फोटो नोको, नाव नोको. कोनी विचारलं तर सांगजो, माह्यं कोनी नाई तिथं."

फोन ठेवला.

काज-बटण. दहावीत असताना संध्याकाळी माझ्याशेजारी बसून तो काज-बटण करायचा. मला वाटायचं त्याला आवडतं.

३० एप्रिल, गुरुवार

किसनराव सायकलवरून आले. एवढ्या उन्हात, डोक्याला ओला पंचा. माझ्याकडे येणारा या आठवड्यातला पहिला माणूस. पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "चूक माही हाये. फ्लेक्स पाह्यल्याबरोबर मले समजलं होतं. पन आठ वाजले होते. चाळीस वर्षांची सवय, तोंड उघडलंच नाई. नियम मोडला असता तर एवढं झालं नसतं."

मी म्हटलं, जाऊ द्या.

मग मुख्य गोष्ट. लोक चिडले आहेत, माधवी मॅडमना कॉलेजात बोलणी बसली. दोन-तीन रविवार कोणीच उभं राहायचं नाही असं ठरलं. "थंडं होऊ द्या जरा," म्हणाले.

त्यांना हेमराजचं सांगितलं. नाव त्यानेच दिलं ते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

फ्लेक्सचं काय करायचं? लोक जुने फ्लेक्स कूलरवर टाकतात, गाईच्या गोठ्यावर बांधतात. मी त्याला तोंड आत करून घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवला.

२ मे, शनिवार

टीव्हीवर पुन्हा ते बाण. पहिली तुकडी पोचली म्हणे. बाणात कोणाचा चेहरा दिसत नाही.

दिवसभर एकच विचार. हेमराज स्वतःहून गेला. मग मी आता कोणासाठी उभी राहणार? त्याच्यासाठी नाही, त्याने सोडवलं मला. पण बाण पाहिला की टीव्ही बंद करवत नाही. त्यात अनुसयाबाईंच्या बहिणीचा फौजेतला मुलगा असेल. कारंज्याच्या ढाब्यावर फौजेच्या गाड्या थांबतात, तिथे चहा पिऊन पुढे गेलेली कोणाकोणाची पोरं असतील. आणि जिकडे बाणाचं टोक आहे तिकडेही कोणीतरी शर्ट बेतून बसली असेल. हे मला आधी का सुचलं नाही? आधी माझे बावीस दिवस मध्ये होते.

जुन्या चादरीतून एक पांढरा पट्टा कापला. अक्षरं लाल कापडाची, मशीनवर शिवली: 'फौज वाढवू नका.' तेवढंच. फोटो नाही, नाव नाही.

३ मे, रविवार

आठला चौकात एकटीच. पट्टा दोन्ही हातांत धरला, कारण बांधायला दोघं लागतात. पंधरा मिनिटांत हात भरून आले. उन्हाने कठडा तापलेला, टेकता येईना. किसनराव ज्या जागी असतात ती जागा मी रिकामी सोडली होती, सवयीने.

साडेआठला पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे तानाबाई, छत्री घेऊन. मी काही म्हणण्याआधी तीच ओरडली, "मी तुह्यासंगं नाई हो! ऑटोची वाट पाहून राह्यली!" नालवाडीचा ऑटो आला, गेली नाही. दुसरा आला, गेली नाही. तिसरा तर रिकामाच होता. तिला बाजारात काम असेल.

मग एक तरुण माणूस आला, चांगल्या कपड्यातला. शर्ट खांद्यात मोठा होता त्याला. व्हिडिओ काढत, मोबाइल माझ्याकडे धरून म्हणाला, "तुम्हीच ना त्या, पोराले मारून टाकलं होतं त्या? सांगा, कोन हाये तुमचं सीमेवर?"

नियम एकच, एकदा उत्तर द्यायचं. आणि हेमराजला दिलेला शब्द. मी त्याला शब्द दिला नव्हता खरं तर, त्याने फोन ठेवला होता. तरी.

"माह्यं कोनी नाई तिथं," मी म्हटलं.

"मंग काऊन उभ्या हायेत इथं?"

एकदाच उत्तर द्यायचं असतं. मी दिलं होतं. तो मोबाइल धरून बराच वेळ थांबला, मी पट्टा धरून थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग तो गेला.

नऊ वाजता तानाबाई रस्ता ओलांडून आली, पट्ट्याचं एक टोक धरलं आणि घडी घालायला लागली. मी म्हटलं, तीन ऑटो सोडलेस. म्हणाली, "भरलेले होते." चौथ्या ऑटोत आम्ही दोघी बसलो. रस्ताभर ती पाण्याच्या पाइपावरून भांडली.

घरी येऊन वहीत एवढं लिहिलं, आता जरा पडते. किसनरावांना उद्या फोन करायचा आहे. त्यांनी तृतीयेच्या दिवशी विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. हो, आले असते. हेमराज घरात झोपलेला असता तरी आठला आले असते, आणि परत घरी जाऊन त्याच्यासाठी पोहे केले असते.

सायंकाळी

आत्ता मोबाइल वाजला. हेमराजचा संदेश. ना आई, ना कशी आहेस. नुसतं:

'छाती ४०. बाकी जुनंच.'

एवढ्या दिवसांनी आजच त्याला शर्टाची आठवण कशी झाली, देव जाणे.

पुढून पान उलटून लिहून घेतलं. दोन इंच वाढली. कापड पुरेल, कॉलर आतून जोडावी लागली तर जोडीन, दिसणार नाही. तिथे टेप नाही म्हणाला होता. दोरीनेच घेतलं असेल माप.

दोरी कुठली आणली असेल त्याने? बुटाची असेल.